अजून लायक नाही

६ जानेवारी, सोमवार

आज ऑफिसात नवीन काम आलं आणि पहिल्याच पानावर डोकं फिरलं.

शाळांसाठीचं एक ॲप आहे. मुलांचे मार्क, हजेरी, वर्गातलं वागणं असं सगळं त्यात भरायचं. सत्र संपलं की ॲप प्रत्येक मुलाच्या नावापुढे आपोआप एक शिक्का उमटवतं. मूळ शिक्के इंग्रजीत आहेत, मराठीत सांगायचे तर ‘लायक’, ‘जवळपास लायक’ आणि ‘अजून लायक नाही’. हे आता स्पेन, इटली, फ्रान्स, पोर्तुगाल आणि रोमानियातल्या शाळांना विकायचं आहे. पाच भाषांत शब्द ठरवायचे आणि खाली सही करायची, हे माझं काम. माझ्या सहीशिवाय फाइल क्लायंटकडे जात नाही.

शब्द शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत. पाचही भाषांनी तो एकाच घरातून उचललाय, लॅटिनमधल्या दिग्नुसकडून. स्पॅनिशमध्ये दिग्नो, पोर्तुगीजमध्ये दिग्नु, इटालियनमध्ये देन्यो, फ्रेंचमध्ये दीन्य, रोमानियनमध्ये देम्न. पाच गावांत दिलेल्या पाच बहिणी, पण चेहरेपट्टी एक. एरवी असं काही सापडलं की मी दिवसभर खुशीत असते.

दुपारी व्हॅलेन्सियाहून इनेसचा मेल आला. स्पॅनिशचं काम तीच करते. तिनं लिहिलंय, ‘प्रिया, हा शब्द आम्ही घराला लावतो. धड छप्पर असेल, नळाला पाणी असेल, तर ते दिग्नो घर. मरणालाही लावतो. आठ वर्षांच्या पोराला तू दिग्नो नाहीस म्हणणं म्हणजे नापास म्हणणं नाही. तू माणसांत मोडत नाहीस, असं ते होतं.’

मी तो मेल घेऊन ॲडेलिनकडे गेले. ॲडेलिन गो माझी मॅनेजर. बाई चांगली आहे, पण तिच्या टेबलावर एक छोटं घड्याळ आहे आणि बोलताना ती त्याच्याकडे बघते. म्हणाली, “क्लायंट अप्रूव्ड ऑलरेडी. वन वर्ड ओन्ली, प्रिया. व्हाय सो ड्रामा?”

एकच शब्द! एका शब्दानं काय होतं ते मला विचारा.

१० जानेवारी, शुक्रवार

एकताचा ओ-लेव्हलचा, म्हणजे सिंगापुरातल्या दहावीचा, निकाल लागला. पंधरा.

धावतच घरी आली. हौगांगच्या आमच्या ब्लॉकची लिफ्ट आज बंद होती, तर सात मजले चढून आली. घामाघूम. “आई, फिफ्टीन! नॉट बॅड, हॉ?”

सहा विषयांच्या श्रेणींची ही बेरीज. जितकी कमी तितकं चांगलं. सगळ्यांत उत्तम म्हणजे सहा. पंधरा काही वाईट नाहीत. मी तिला जवळ घेतलं. मग सहज विचारलं, “गणितात बी-फोर कसा गं आला?” साधा प्रश्न होता. ती आंघोळीला गेली ती पाऊण तास बाहेर आली नाही.

जेवताना तिनं परत तेच काढलं. तिला पॉलिटेक्निकला जाऊन नर्सिंग करायचंय. गेली दोन वर्षं दर शनिवारी इथल्या वृद्धाश्रमात जाते. शाळेला दाखवायचे सेवेचे तास केव्हाच भरलेत, तरी जाते. मी म्हटलं, आवड वेगळी आणि आयुष्य वेगळं. ज्युनिअर कॉलेज मिळतंय तर ते का सोडायचं? माझा नवरा उज्ज्वल भाजीतल्या मिरच्या बाजूला काढत बसला. हा माणूस पाण्याच्या प्लांटमध्ये शंभर व्हॉल्व्ह सांभाळतो आणि घरात एक वाक्य बोलत नाही.

रात्री गावाहून रावसाहेबांचा, माझ्या सासऱ्यांचा फोन आला. जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं मास्तर होते. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच आहेत. ‘एकता’ हे नाव त्यांनीच ठेवलं, संविधानाच्या पहिल्या पानावरून काढून.

“जय भीम, पोरी. किती टक्के?”

आता कमी आकडा म्हणजे जास्त हुशार, हे गावात कोण ऐकणार? पंधरा म्हटलं असतं तर त्यांच्या छातीत धस्स झालं असतं. मी मनात कसाबसा हिशोब केला आणि म्हटलं, “ब्याण्णव, बाबा.”

तसं हे भाषांतरच आहे. तिकडच्या माणसाला कळेल असं इकडचं सांगायचं.

१२ जानेवारी, रविवार

ईस्ट कोस्टला पाच-सहा मराठी घरांची सहल. समुद्राकडे तोंड करून चटया टाकल्या होत्या. अनघानं थालीपीठं आणली होती, आम्ही हॉकर सेंटरमधून साते, काडीला लावून भाजलेलं मटण, आणलं. अनघा आणि मनोहर पुण्याचे, तो इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठा मॅनेजर. त्यांच्या राजसला सात मिळालेत. त्याचं कौतुक मला मनापासून आहे, गोड पोरगा आहे.

पण मनोहर हात चाटत म्हणाला, “इथलं बघा वहिनी. शुद्ध मेरिट. कोटा नाही न् फोटा नाही. म्हणून हा देश कुठल्या कुठे गेला.”

हे माझ्याकडे बघून म्हणायची काय गरज होती? पंधरा माणसं बसली होती. माझ्याकडेच का बघितलं?

मी थालीपीठाचे तुकडे करत राहिले. उज्ज्वल मात्र काडीवरचं साते काढत शांतपणे म्हणाला, “मनोहर, तुझ्या मेव्हण्याला तुझ्या कंपनीत घेतलं, तेव्हा पेपर फार अवघड होता का रे?”

सगळे हसले. मनोहरही हसला, पण जरा उशिरा. (घरात एक वाक्य बोलत नाही हे मी परवाच लिहिलंय. ते मागे घेते.)

माझा राग अजून उतरलेला नाही. बारावीनंतर कॉलेजच्या फलकावर यादी लागली होती. खुल्या यादीत माझं नाव चौथं होतं. चौथं! मी ते बोटानं तीनदा वाचलं. मागून वर्गातली एक मुलगी म्हणाली, “अगं प्रियदर्शिनी, तुमची यादी पलीकडे लागलीय.” तिनं वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं, हेच वाईट होतं. मला इकडे शोधावं असं तिच्या मनातच आलं नाही. सत्तावीस वर्षं झाली. मेरिट हा शब्द कुणी उच्चारला की ते बोट अजून त्या फलकावर असतं.

निघताना अनघानं विचारलंच. “एकताला किती गं? सिंगल डिजिट?”

“जवळपास,” मी म्हटलं आणि डबे भरायला लागले. एकता सायकल लावून मागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. पाणी प्यायली आणि परत गेली.

१४ जानेवारी, मंगळवार

ॲडेलिन म्हणाली, तुझं म्हणणं एका पानात लिही, मी क्लायंटला पाठवते. तीळगूळसुद्धा विसरून मी लिहीत बसले. चांगलं उतरलं. त्यातलं एक वाक्य इथे ठेवते: ‘मूल काय शिकलं हे मोजता येतं, मूल लायक आहे की नाही हे मोजता येत नाही, जो ते मोजायला जातो तो मुलाला नव्हे, स्वतःला कमी करतो.’ खाली सुचवलंय की शिक्का मुलावर नको, कामावर मारा: ‘हे जमलं’, ‘हे अजून जमवायचंय’. आणि हेही स्पष्ट लिहिलं की सध्याच्या शब्दांवर मी सही करणार नाही.

संध्याकाळी एकताचा प्रवेशाचा फॉर्म. बारा पसंती द्यायच्या असतात. मी कागदावर तिला क्रम लिहून दिला, पहिल्या सहा जागी ज्युनिअर कॉलेजं, नर्सिंग सातवं. अगदीच नाही असं नको वाटायला. म्हटलं, “लोक काय विचारतात ते तुला अजून माहीत नाही. आपल्याला दुप्पट चांगलं असावं लागतं, एकता.”

तिनं कागदाकडे बघितलं. “ओके,” म्हणाली.

१५ जानेवारी, बुधवार

एकतानं स्वतःच फॉर्म भरून टाकला. “सबमिटेड,” म्हणाली. समजूतदार पोर आहे.

१८ जानेवारी, शनिवार

एकता वृद्धाश्रमातून उशिरा आली, टीशर्टवर पेज सांडलेली. तिथल्या एका आजींना ती भरवते. आजी फक्त हॉक्कियन ही चिनी बोली बोलतात, आणि आता तेही फारसं नाही. मी सहज विचारलं, करता तरी काय तुम्ही तिथे?

म्हणाली, आजींचे कपडे बदलायला नर्सला मदत करायची असते. “फर्स्ट थिंग, कर्टन. पडदा आधी ओढायचा. मग ब्लाउज.”

“त्यांना कळतं का?”

“नाही कळत. सो?”

“मग नुसता वेळच जातो की.”

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच हॉक्कियन बोलले होते. टीशर्ट धुवायला टाकायला गेली.

२० जानेवारी, सोमवार

क्लायंटचं उत्तर आलं. तीन ओळी. आपल्या तळमळीबद्दल आभार. ही शिक्क्यांची पट्टी इथल्या शाळांमध्ये पालकांना फार आवडली आहे. ठरल्याप्रमाणे पुढे जावं.

पालकांना आवडली! कसले पालक हे? स्वतःच्या लेकराच्या नावापुढे ‘अजून लायक नाही’ वाचून ज्यांना बरं वाटतं, ते रात्री त्या लेकराला जेवायला काय म्हणून वाढत असतील? मी एमआरटी ट्रेनमध्ये उभ्या उभ्या याच विचारानं इतकी पेटले की सेरंगून मागे गेलं, माझं हौगांग गेलं, आणि मी बुआंगकोकला उतरले. एक स्टेशन परत आले.

सही करणार नाही. नोकरी गेली तरी बेहत्तर. (जाणार नाही. ॲडेलिननं तेवढं सांगितलंय.)

२६ जानेवारी, रविवार

आज वही उघडायची नव्हती. तरी लिहिते.

सकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रावसाहेबांनी फोटो टाकला. गावच्या चौकात, झेंडावंदनाच्या जागेच्या बाजूलाच फ्लेक्स लागलाय. दहा बाय सहाचा तरी असेल. वर बाबासाहेबांचा फोटो, डाव्या कोपऱ्यात रावसाहेब हात जोडून, मध्ये एकता. माझ्याच स्टेटसवरून घेतलेला फोटो, ईस्ट कोस्टचा, केस उडालेले. खाली मोठ्या पिवळ्या अक्षरात: ‘आमची नात कु. एकता हिने सिंगापूर येथे शालान्त परीक्षेत ९२ टक्के गुण मिळवून गावाचे नाव उज्ज्वल केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’

त्याखाली अठ्ठेचाळीस जणांचे हात जोडलेले.

मी तो फोटो पुसायला सांगणार, इतक्यात एकता तिच्या खोलीतून फोन घेऊन बाहेर आली. मराठी हळू वाचते ती, एकेक अक्षर जोडत. पण आकडा वाचायला काय लागतं?

“आई, हू टोल्ड हिम नाइन्टी-टू?”

मी म्हटलं, अगं, तिकडची पद्धत वेगळी, त्यांना समजावं म्हणून.

“फिफ्टीन इज माइन,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. “आय डिड दॅट. माझे आहेत ते पंधरा. नाइन्टी-टू कोणाचे?”

उज्ज्वल म्हणाला, “एकता, आईनं प्रेमानं...”

“नो, बाबा. शी टोल्ड अनघामावशी ऑल्सो. ‘जवळपास’. आय वॉज देअर.” मग माझ्याकडे वळली. “ऑफिसमध्ये तू भांडतेस, त्या स्पेनच्या मुलांसाठी. रोज जेवताना सांगतेस. आय वॉज सो प्राउड, यू नो? स्कूलमध्ये सांगितलं मी सगळ्यांना. देन ॲट होम, मी कोण? नॉट येट, इज इट?”

दार आपटलं असतं तर बरं झालं असतं. हळूच लावलं.

२७ जानेवारी, सोमवार

रागच येतोय. आधी रावसाहेबांवर आला: विचारल्याशिवाय फ्लेक्स कशाला लावायचा? मग अनघावर: लोकांचे आकडे हवेत कशाला? मग त्या फलकापुढच्या मुलीवर, जी आता कुठे असेल देव जाणे. दिवसभर एकेकाला समोर उभं करून भांडले. संध्याकाळपर्यंत समोर उभं करायला कुणी उरलं नाही.

चौदा तारखेचं ते पान परत काढून वाचलं. ‘जो ते मोजायला जातो तो मुलाला नव्हे, स्वतःला कमी करतो.’ किती टेचात लिहिलंय बाईनं.

२८ जानेवारी, मंगळवार

चायनीज न्यू इयरमुळे ऑफिस अर्धा दिवस. ॲडेलिननं जाताना संत्री दिली आणि म्हणाली, फाइलवरून तुझं नाव काढलंय, मी सही केली. म्हणजे तो शब्द गेला. पाच देशांत गेला. मी म्हटलं, हॅपी न्यू इयर.

घरी येऊन गावी फोन लावला. एकता समोर बसली होती. मीच बस म्हटलं.

“जय भीम, बाबा. मी खोटं बोलले. एकताला ब्याण्णव टक्के नाहीत. इथं टक्के नसतातच. पंधरा गुण आहेत, बरे आहेत, पण सगळ्यांत वरचे नाहीत. आणि तिला नर्स व्हायचंय.”

पलीकडे चौकातला लाउडस्पीकर वाजत होता. खिडकी लावल्याचा आवाज आला.

“म्हणजे मी चौकात खोटं टांगलं,” ते म्हणाले.

“हो, बाबा.”

“मास्तर होतो पोरी मी. बत्तीस टक्केवाल्यांच्या घरी जाऊन सांगत होतो, पोराला शाळेतून काढू नका म्हणून. तुला वाटलं, मला नात नको, टक्के पाहिजेत?”

मी एकताकडे बघितलं.

“फोन दे तिला.”

मी स्पीकर चालू ठेवला. ते म्हणाले, “एकता, नर्सला काय काय करावं लागतं गं?”

एकता शब्द शोधत, अडखळत सांगायला लागली. भरवायचं. औषध बघायचं. “आणि आजोबा, कपडे बदलताना पडदा. आधी पडदा ओढायचा. मग सगळं.”



“तुझ्या आजीला, ललिताला, तालुक्याच्या दवाखान्यात व्हरांड्यात ठेवलं होतं,” रावसाहेब म्हणाले. “शेवटचे चार दिवस. येणारे-जाणारे बघायचे. पडदा नव्हता. मी चादर धरून उभा राहायचो, दोन्ही हातांनी. हात भरून यायचे. ललिता म्हणायची, ठेवा आता खाली. मी नाही ठेवली.” मग घसा खाकरून म्हणाले, “सिंगापुरात असतो ना गं पडदा?”

“असतो, आजोबा.”

हे त्यांनी उज्ज्वललाही कधी सांगितलं नव्हतं. तो स्वयंपाकघरात नळ सोडून उभा होता, हाताखाली एक भांडं नव्हतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

ग्रुपवर नवा फोटो. फ्लेक्स तोच, चौक तोच. ‘९२ टक्के’वर पांढरा कागद चिकटवलाय, आणि त्यावर लाल रंगात मास्तरांचं वळणदार अक्षर: ‘१५ गुण. नर्स होणार.’ कागद जरा तिरका लागलाय. खाली नेहमीचे जोडलेले हात, या वेळी अकराच. एका चुलत सासऱ्यांनी विचारलंय, ‘पंधराच?’ त्यावर रावसाहेबांनी लिहिलंय, ‘होय. काही अडचण?’

एकता ओरडली, “आजोबा! पोस्टिंग नॉट आउट येट! ॲडमिशनच मिळाली नाही अजून!” आणि कितीतरी दिवसांनी हसली. माझ्याकडे बघून नाही. पण मी खोलीत होते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पोस्टिंग आलं. नर्सिंग. मेसेजमध्ये लिहिलं होतं, पहिली पसंती.

पहिली. मी दिलेल्या कागदावर सातवी होती. या वहीत मागे जाऊन पाहिलं. ‘सबमिटेड,’ म्हणाली, आणि मी खाली लिहिलंय, समजूतदार पोर आहे. काय सबमिट केलं हे विचारायचं माझ्या मनातच आलं नाही.

अनघाचा मेसेज होता, एकताचं काय झालं म्हणून. ‘पंधरा होते. नर्सिंगला चालली आहे,’ असं लिहून पाठवलं. पाठवताना अंगठा थांबला, हेही इथे लिहून ठेवते. सत्तावीस वर्षं जे पाठ केलं ते एका आठवड्यात उतरत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी एकताला म्हटलं, आज मी येऊ का? तिनं खांदे उडवले. “अप टू यू.”

आश्रम आमच्यापासून चालत दहा मिनिटं. दोन वर्षांत मी तिथे कधी गेले नव्हते. आजी खिडकीजवळच्या पलंगावर होत्या, मुठीएवढा चेहरा. एकतानं पेज ढवळली, ओठाला लावून पाहिली, भरवायला लागली. दोन घास गेले, तिसरा सगळा छातीवर आला. नर्स आली, कपाटातून धुतलेला ब्लाउज काढला. मी मदतीला म्हणून पुढे झाले.

“आई, यू वेट आउटसाइड.”

“अगं, मीच आहे. बाईमाणूस.”

“आजी तुला ओळखत नाही,” ती म्हणाली आणि पडद्याच्या कड्या सरकवल्या.

मी बाहेर उभी राहिले. हिरवा, पुष्कळ वेळा धुतलेला पडदा. खाली एकताचे बूट दिसत होते. ती आत मराठीत बोलत होती, हॉक्कियन आजींशी, हळू, एकेक शब्द जोडत: हात वर करा, हां, झालं, झालं हं. मोठ्या माणसांशी मराठीत ‘करा’ म्हणायचं, हे तिला मीच शिकवलं होतं.

पलीकडच्या पलंगावरचे एक आजोबा वाकून आत डोकावायला लागले. कापड एका बाजूनं वीतभर उघडं राहिलं होतं. मी पुढे होऊन ती कड दोन्ही हातांनी धरली, आणि आतून “ओके, आई” असं येईपर्यंत सोडली नाही.